सेकंडहँड होमबिल्ट विमान: लॉगबुकात सह्या होत्या, तपासणी झालीच नव्हती

अमेरिकेत राहून घरी बांधलेलं विमान सेकंडहँड घ्यायचा विचार करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इंजिन, रंग, रेडिओ सगळे बघतात. मला फसवलं ते लॉगबुकातल्या सह्यांनी.

विमान दोन सीटचं, ऑल-मेटल, लायकोमिंग ओ-३२० इंजिनचं. दर वर्षीच्या कंडिशन इन्स्पेक्शनच्या (विमान उडवायला सुरक्षित आहे का याच्या तपासणीच्या) नोंदीखाली विकणाऱ्याची सही आणि पुढे ‘रिपेअरमन’ हा शब्द. डेटा प्लेटवर (विमानावरच्या ओळखपट्टीवर) बिल्डर म्हणून दुसरंच नाव होतं. विचारल्यावर म्हणाला, "तो माझा पार्टनर, दोघांनी मिळून बांधलं." शिवाय, "एक्सपरिमेंटल आहे, सगळं काम तुम्ही स्वतः करा. वर्षाची सही मी देत जाईन."

यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. एक्सपरिमेंटल अ‍ॅमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे घरी बांधलेल्या विमानाला एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) पार्ट ४३, म्हणजे देखभालीचे नियम, लागू होत नाही. त्यामुळे ऑइल बदलणं, ब्रेक, अगदी इंजिन उघडणंही मालक लायसन्सशिवाय करू शकतो, मग तो पहिला मालक असो की चौथा. वार्षिक तपासणीचं मात्र वेगळं आहे. ती विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये (विमान वापरण्याच्या अटींच्या कागदात) लिहिलेली असते आणि तो कागद एअरवर्दिनेस सर्टिफिकेटचाच, म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या दाखल्याचाच, भाग असतो. माझ्या विमानाच्या कागदात स्पष्ट होतं: दर १२ महिन्यांनी, पार्ट ४३ च्या परिशिष्ट डी मध्ये (काय काय तपासायचं त्या यादीत) दिलेल्या व्याप्तीने तपासणी, आणि सही ए अँड पी मेकॅनिकची (एफएएचं सर्टिफिकेट असलेल्या विमान मेकॅनिकची) किंवा त्या विमानाच्या रिपेअरमनची. रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं ते मुख्य बिल्डरला, तेही त्याने बांधलेल्या त्या एकाच विमानापुरतं. विमान विकलं तरी ते त्याच्याचकडे राहतं, नव्या मालकाकडे येत नाही.

खरेदीनंतरच्या पहिल्या इन्स्पेक्शनला मी एक ए अँड पी बोलावला. (कारखान्यात बनलेल्या सर्टिफाइड विमानाच्या वार्षिक तपासणीला आयए, म्हणजे तपासणीचा जादा अधिकार असलेला मेकॅनिक लागतो, इथे साधा ए अँड पी चालतो.) पंखाखालच्या पॅनलचे स्क्रू काढायला तो वाकला आणि तिथेच थांबला. मला बोलावून टॉर्च धरायला सांगितला. प्रत्येक स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला होता, सलग, कुठेही ओरखडा नाही. म्हणजे विमान रंगवल्यापासून ती पॅनल्स उघडलीच नव्हती. आतल्या बेलक्रँक आणि रॉडएंड्स (कंट्रोल्सची हालचाल पुढे नेणारे सांधे) कुणी पाहिलेच नव्हते, आणि लॉगबुकात मात्र दर वर्षी ‘परिशिष्ट डी प्रमाणे तपासलं, उड्डाणास सुरक्षित’. फ्युएल होज बदलल्याची नोंद होती. होजवरच्या पत्र्याच्या टॅगवर साल होतं ते विमान बांधलं त्या काळातलं.

मग कागद मागवले. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए रजिस्ट्रीकडून कुठल्याही एन-नंबरची (विमानाच्या नोंदणी क्रमांकाची) पूर्ण फाइल थोड्या पैशांत मिळते. त्यात मूळ बिल्डर कोण, विमान कुणाकडून कुणाकडे गेलं, सगळं असतं. मला विमान विकणारा साधा दुसरा मालक निघाला. एफएएच्या ऑनलाइन एअरमेन सर्चमध्ये (पायलट, मेकॅनिक वगैरेंची सर्टिफिकेटं शोधायच्या साइटवर) त्याच्या नावावर फक्त पायलट सर्टिफिकेट होतं. पार्टनर वगैरे सगळी थाप. त्याच्या सह्यांना काडीची किंमत नव्हती. म्हणजे मी घेतलं तेव्हा ते विमान कायद्याने उडवण्याजोगंच नव्हतं, आणि त्यात मी माझ्या बायकोला बसवलं होतं. याचा राग अजून जात नाही.

आणखी एक गोष्ट त्याच फाइलमुळे उघड झाली. फिक्स्ड-पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रॉपेलर काढून कॉन्स्टंट-स्पीड (कोन आपोआप बदलणारा) बसवला होता. हा मेजर चेंज आहे. माझ्या लिमिटेशन्सप्रमाणे आधी एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवावं लागतं, मग पुन्हा फेज वन, म्हणजे चाचणी उड्डाणं, किमान ५ तास, ठरलेल्या हद्दीत, प्रवासी न घेता. यातलं काहीच झालं नव्हतं. ते सगळं मला करावं लागलं.

वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तर एका ओळीचं आलं: विक्री ‘अ‍ॅज इज’, म्हणजे ‘आहे तशी, हमीशिवाय’ होती. म्हणून करारातच लिहून घ्या की शेवटचं कंडिशन इन्स्पेक्शन कुणी केलं, त्याचं सर्टिफिकेट कोणतं, नंबर काय, आणि ते खोटं निघालं तर पैसे परत. पैसे देण्याआधी ते नाव एअरमेन सर्चमध्ये स्वतः टाकून बघा. आणि प्री-बाय (खरेदीआधीच्या) तपासणीला मेकॅनिक विकणाऱ्याचा नको, तुमचा हवा. पॅनल्स उघडू द्यायला विकणारा नाही म्हणाला, तर तिथूनच माघारी फिरा.