तांब्याचा बंब, पवनेकाठचं घर : तोटी सोडून सगळं छान

बंब उत्तम आहे, तोटी भिकार आहे. घाईत असाल तर एवढं पुरे.

बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं, मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. हा २० लिटरचा, २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या तांब्याच्या पत्र्याचा, मधली नळी चार इंची, खाली लोखंडी जाळी आणि पितळी तोटी. पवना धरणाच्या काठच्या घराच्या मागच्या पडवीत दिवाळीच्या सुमारास बसवला, शिमगा उलटून गेला तरी चालू आहे. माघ-फाल्गुनात तिथे दुपारी ऊन चटका देतं, पण पहाटे पाण्यावरून येणारा गारवा अंगात शिरतो. सुट्टीला सगळं घर आलं की गरम पाण्याचाच प्रश्न पहिला.

आता तोटी. कारागिराने ती अगदी तळाला टेकवून लावली आहे. दुकानात हा गुण म्हणून सांगतात, ‘शेवटचा थेंबसुद्धा निघतो’. शेवटचा थेंब निघता कामा नये, हेच तर मुख्य आहे. बंबाचे सांधे रांग्याच्या डाकाने, म्हणजे कथील-शिसं वितळवून केलेल्या जोडाने, जोडलेले असतात. रांगा-शिशाचा डाक २००-२५० अंशांच्या आतच पाघळतो आणि खाली निखारे त्याच्या कितीतरी वर असतात. तरी डाक टिकतो, कारण पाणी आहे तोवर पत्रा शंभराच्या आसपासच राहतो. पाणी संपलं आणि खाली विस्तव धगधगत असला की पाचेक मिनिटांत तळाचा सांधा सुटतो. घरात चार माणसं एकामागून एक अंघोळीला जाणारी; शेवटचा बादली भरून घेतो आणि बंबात पाणी ओतायचं राहतं. माणसं अशीच वागणार, तेव्हा वस्तू त्या हिशेबाने बनवायला हवी.

उपाय सोपा आहे. तोटी तळापासून ५ सेंटिमीटर वर घ्यायची. बाहेरचा व्यास ३० सेंटिमीटर आणि नळी १० सेंटिमीटर धरली तर तळाशी तीन लिटरच्या वर पाणी कायम राहतं. हे करायला कारागिराला एक पैसा जास्त लागत नाही. तरी कोणी करत नाही.

याहून चांगला प्रकार म्हणजे ओतणीचा बंब. त्याला खाली तोटीच नसते. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीने तळाशी जातं आणि वरचं गरम पाणी चोचीतून बाहेर पडतं. ओताल तेवढंच मिळणार, त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही. जुन्या लोकांना अक्कल होती. आता हा प्रकार मुद्दाम सांगून घडवून घ्यावा लागतो, दुकानात तयार क्वचित दिसतो.

दुसरी तक्रार तोटीच्या आतल्या रबरी वायसरची. गरम पाण्याने रबर दोन-अडीच महिन्यांत कडक होतं, मग थेंब-थेंब सुरू. वायसर बदलला की पुन्हा तेच. वर मूठ प्लॅस्टिकची आणि तीही विस्तवाच्या तोंडाच्या बाजूला, त्यामुळे एका कडेने वितळलेली. दुकानदाराचं म्हणणं, ‘भांड्याची हमी आमची, तोटी बाहेरून आणलेली असते.’ पैसे घेताना तोटी भांड्यातच धरली होती. फोनाफोनी करून काही निघालं नाही. शेवटी अर्धा इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह घेतला, टेफलॉनच्या बैठकीचा आणि लोखंडी दांडीचा. तीनेकशे रुपयांत काम झालं. आट्यांवर टेफलॉन टेप सात-आठ वेढे द्यायची, आणि आवळताना बंबाच्या बाजूचं पितळी तोंड, ज्यात तोटी फिरवून बसते ते, दुसऱ्या पान्याने घट्ट धरायचं. ते धरलं नाही तर पिळ पत्र्यावर येतो आणि गळती तोटीऐवजी सांध्यातून सुरू होते. गॅस वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. तो पितळ वितळवून झाळतो आणि त्याला डाकापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. एक भोक बुजवताना शेजारचे दोन सांधे उघडतात.

गीझर का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी. २० लिटर पाणी १८ अंशांवरून ६५ पर्यंत न्यायला एक युनिटहून जरा जास्त वीज लागते. दोन किलोवॉटचा गीझर विजेच्या पूर्ण दाबावर ते तासाभराच्या निम्म्या वेळात करतो. पण सुट्टीच्या सकाळी सगळ्या बंगल्यांतले गीझर एकदम लागले की दाब १८० व्होल्टवर येतो, आणि मग तोच गीझर बाराशे वॉटचा उरतो. पाऊण तासाच्या वर. वीज गेली तर बोलायलाच नको. बंबाला किलोभर वाळलेली बाभूळ आणि अर्धा-पाऊण तास लागतो. त्या २० लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की अंघोळीचं चाळीस-बेचाळीस लिटर होतं, म्हणजे अडीच बादल्या. चौघांना दोनदा भरावा लागतो. दुसऱ्या वेळी निखारे तयार असल्याने निम्म्या लाकडात भागतं.

पेटवायची रीत ठरलेली आहे. आधी पाणी काठोकाठ, मग विस्तव. उलटं कधीच नाही. जाळीवर कागद, त्यावर कारवीच्या काटक्या, त्या धरल्या की वरून नळीतून वीतभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या ढलप्या. मनगटाएवढं लाकूड टाकलं की नळी चोंदते, हवेची ओढ बसते आणि धूर खालून तोंडावर येतो. ओलं लाकूड तर नकोच, त्याची बरीच धग त्यातलंच पाणी उडवण्यात जाते. आंब्याचं लाकूड धुरकट, सुबाभूळ बरी, नारळाच्या करवंट्या उत्तम पण ज्वाळा उंच जाते म्हणून एका वेळी दोनच. लाकूड वखारीतून घ्या, धरणाभोवतीच्या रानातून तोडू नका. पाणी सणसणायला लागलं की नळीवरचं टोपण पाऊण झाकायचं. धग टिकते, लाकूड वाचतं. आणि बंब बंद न्हाणीघरात पेटवायचा नाही, तिथे निखारे धुमसत ठेवायचे तर मुळीच नाहीत. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड विषारी, आणि त्याला वास नसतो. पडवी किंवा अंगण, एवढंच.

एका बाबतीत मत बदललं आहे. ‘तांबं लवकर तापतं’ म्हणून तांब्याचा घ्यावा, असं मीही सांगत आलो. तांबं स्टीलपेक्षा पंचवीसपट उष्णतावाहक आहे हे खरंच, पण पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. अडथळा पत्र्यात नसतो, धुराकडून पत्र्याकडे उष्णता जाण्यात असतो, आणि त्यावर काजळीचा थर बसला की आणखी. म्हणजे स्टीलचा बंब घेतला तरी पाणी तेवढ्याच वेळात तापेल. मग तांबं कशाला? गंजत नाही, पत्रा ठोकून-डाकून वर्षानुवर्षं दुरुस्त करता येतो, आणि शेवटी मोडीत चांगला भाव येतो. एवढी कारणं पुरेशी आहेत, पण लवकर तापण्याचं कारण सांगून कोणी तुमच्याकडून जास्त पैसे काढत असेल तर देऊ नका.

पैशांवरून आठवलं. बंब वजनावर विकतात, वर घडणावळ वेगळी. वजन करताना लोखंडी जाळी आणि खालचं कडं काढायला लावा. आमच्या बंबाचं तांबं साडेचार किलोच्या आसपास, काट्यावर मात्र पाच किलो चारशे ग्रॅम. नऊशे ग्रॅम लोखंड तांब्याच्या भावाने! पुण्याच्या तांबट आळीत अजूनही मठारकाम करून, म्हणजे हातोडीने ठोकून, घडवणारे कारागीर आहेत. तिथे जाऊन समोर वजन करून घेणं बरं. ठोक्यांची खूण नुसती दिसायला नसते, ठोकल्याने पत्रा कडक होतो आणि पोचे कमी पडतात.

देखभाल फारशी नाही. नळीतली काजळी दर आठवड्याला काथ्या बांधलेल्या काठीने काढायची, नाहीतर पाच-सात मिनिटं जास्त लागायला लागतात. धरणाचं पाणी वापरत असाल तर आत क्षार फारसे धरत नाहीत. बोअरचं असेल तर आतून पांढरा थर येतो. त्यासाठी २० लिटर कोमट पाण्यात पाव किलो लिंबूफूल, दोन तास तसंच ठेवून ओतून टाकायचं आणि दोनदा साध्या पाण्याने खळखळून धुवायचं. बाहेरून चिंच-मीठ. यातलं पाणी चहाला किंवा प्यायला घेऊ नका, डाकात शिसं असतं.

फाल्गुन सरता धरणाचं पाणी मागे हटत जातं. पंपाने वर पाणी घेत असाल तर पाणी ओढणारा सक्शनचा पाइप वाढवावा लागतो आणि त्याच्या टोकाची झडप, फूट व्हॉल्व्ह, गाळात रुतू नये म्हणून तो तरंगत्या डब्याला बांधून तळापासून दीड-दोन फूट वर ठेवावा लागतो. गाळ बंबात आला तर तळाशी बसतो, आणि तोटी तळाला असेल तर तिथेच अडकतो. पुन्हा तोटी! वर घेतलेल्या तोटीने गाळही टळतो, फक्त महिन्यातून एकदा बंब उलटा करून धुवावा लागतो.

पावसाळ्याआधी पूर्ण रिकामा करून, टोपण काढून, आडवा न ठेवता उलटा ठेवायचा. जाळी वेगळी काढून तिला जुनं इंजिन ऑइल फासायचं. जाळी तशीच आत राहिली तर लोखंड-तांब्याच्या संगतीत आणि मावळातल्या दमट हवेत आधी तीच खाऊन जाते, आणि तिच्या गंजाचे डाग तळाला पडतात ते चिंचेनेही निघत नाहीत.