घरी बनवलेला सीएनसी राऊटर: वापरानंतरचा अनुभव आणि स्पिंडलची ती चौथी पिन

घरच्या सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे लाकूड कोरणारं मशीन) व्हीएफडीवाला स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा डबा, लावला असेल किंवा लावायचा विचार असेल तर बाकीचं वाचायच्या आधी एक काम करा. मेन बंद करा, व्हीएफडीचा डिस्प्ले विझल्यावरही दहा मिनिटं थांबा कारण आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मग स्पिंडलच्या डोक्यावरचा गोल कनेक्टर काढा आणि मल्टीमीटर बीपवर ठेवून स्पिंडलच्या बाजूच्या चौथ्या पिनपासून बॉडीच्या एखाद्या स्क्रूपर्यंत कंटिन्युटी बघा. बीप आला तर उत्तम. नाही आला तर तुमचा स्पिंडल अर्थ झालेलाच नाहीये, मग तुमच्या बोर्डात अर्थिंग कितीही भारी असू दे.

माझ्यात बीप आला नाही. ह्या एका न जोडलेल्या वायरने माझं देवघराचं सागवानी दार खाल्लं, कितीतरी रविवार खाल्ले, आणि पैसे गेले ते वेगळेच. त्यामुळे ह्या रिव्ह्यूत विषय फिरून फिरून तिथेच येणार.

मशीन थोडक्यात सांगतो, बेसिक तुम्हाला माहीतच असणार. कामाची जागा ६०० बाय ९०० एमएम. पहिल्यांदा बनवलं तेव्हा सरकायला एसबीआर १६ चे गोल रॉड, पुढे ढकलायला टी-८ चे लीड स्क्रू, मोटर चालवायला टीबी६६०० ड्रायव्हर, २४ व्होल्टचा सप्लाय, हुकूम द्यायला अर्डुइनो उनो बोर्डावर ग्रबल हा प्रोग्रॅम आणि कटिंगला हातात धरायचा छोटा ट्रिम राऊटर. पाट्या, एमडीएफच्या जाळ्या एवढं आरामात व्हायचं. पण टी-८ स्क्रू ९०० लांबीवर स्पीड वाढवला की दोरीसारखा उडतो, आणि गोल रॉडचे बेअरिंग ब्लॉक खालून उघडे असल्याने गॅन्ट्री (टेबलावरून सरकणारा आडवा पूल) हाताने हलवली तरी डायल गेजवर काटा सरकलेला दिसायचा. एमडीएफला चालून जातं, सागवानात गोलाई कापली की कडेला लाटा दिसतात.

मग अपग्रेड. फ्रेम एमएसच्या चौकोनी पाईपची, ३ एमएम जाडी, नटबोल्टने जोडलेली. वेल्डिंग मुद्दाम टाळलं कारण वेल्डिंगने पाईप ओढला जातो आणि मग रेल बसायची जागा सरळ राहत नाही. कोल्हापुरात राहण्याचा इथे खरा फायदा, उद्यमनगर ह्या कारखान्यांच्या भागात गॅन्ट्रीच्या प्लेटा मिलिंग करून, होल टॅप करून मिळाल्या, बाहेरगावी ह्याच कामाला कुरिअर आणि आठवडे गेले असते. गोल रॉडच्या जागी रेल एचजीआर २०, लीड स्क्रूच्या जागी बॉलस्क्रू १६०५, दोन्ही टोकांना बीके१२ आणि बीएफ१२ चे ब्लॉक, ड्रायव्हर डीएम५४२, सप्लाय ३६ व्होल्ट. गॅन्ट्री हलवणाऱ्या मोटर त्याच जुन्या नेमा २३ ठेवल्या आणि नुसत्या व्होल्टेजने फरक पडला, कारण जास्त स्पीडला मोटरच्या वाइंडिंगमध्ये करंट चढायला वेळ मिळत नाही, व्होल्टेज जास्त असला की तो पटकन चढतो. मोटर बदलायच्या आधी हे करून बघा, स्वस्तात काम होतं.

मायक्रोस्टेपचं (मोटरच्या एका पायरीचे ड्रायव्हर किती भाग करतो ते) पण सांगून टाकतो कारण खूप जण उगाच वाढवून ठेवतात. १६०५ म्हणजे एका फेऱ्याला ५ एमएम. ८ मायक्रोस्टेपला एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे एमएमला ३२०. उनोवरचं ग्रबल सेकंदाला साधारण ३० हजार पल्स देतं, म्हणजे मिनिटाला ५६०० एमएमच्या आसपास मर्यादा आली. तेच १६ मायक्रोस्टेप केलं की २८०० वर आलात, आणि लाकडात अचूकता काही वाढत नाही. ८ वर ठेवा.

फ्रेमला माझ्याकडून पूर्ण मार्क. पावसाळा काढूनही गॅन्ट्री स्क्वेअर राहिली, कर्ण मोजले तर होते तेवढेच. रेलला मात्र पावसाळ्यात जपावं लागतं, काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवायचा नाहीतर गंज धरतो. वरचा एमडीएफचा स्पॉइलबोर्ड (ज्यावर लाकूड ठेवून कापतो तो) पावसात फुगतो, तो परत सरफेस करून घ्यायचा, त्यात नवल काही नाही.

आता स्पिंडल. ट्रिम राऊटर मी सोडला तो आवाजामुळे (शेजारच्या काकू दुपारी झोपतात, त्यांचं म्हणणं बरोबरच होतं) आणि कार्बन ब्रश झिजतात म्हणून. घेतला एअरकूल्ड १.५ किलोवॅट, सोबत सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, ४०० हर्ट्झला २४ हजार आरपीएम. सेट २५ हजारांच्या आसपास पडला, म्हणजे माझ्या मशीनमधली सगळ्यात महाग एकटी वस्तू.

पहिल्या दिवशी आवाज ऐकून खूश झालो. राऊटर किंचाळायचा, हा नुसता घुमतो. आणि मग जॉब मध्येच थांबायला लागले. स्क्रीनवर अलार्म १, म्हणजे हार्ड लिमिट, टोकाचा लिमिट स्विच दाबला गेला, आणि गॅन्ट्री तर टेबलाच्या बरोबर मध्ये, कुठल्याच स्विचच्या जवळपास नाही. अलार्म १ आला की ग्रबल मोटर जागच्या जागी थांबवतं आणि पोझिशनचा भरवसा राहत नाही, परत होमिंग करावं लागतं, म्हणजे मशीनला शून्याची जागा नव्याने शोधायला लावायचं. देवघराच्या दाराच्या वेळी स्पिंडल व्हीएफडीच्या नॉबवरून चालू होता, त्यामुळे गॅन्ट्री थांबली तरी बिट तिथेच फिरत राहिलं आणि मी चहा ठेवून येईपर्यंत लाकूड काळं पडून धूर निघत होता. टिंबर मार्केटमधून निवडून आणलेली फळी, गाठ नाही, रेषा सरळ, दोन महिने घरात सुकवलेली. अशी फळी रोज मिळत नाही.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला तुमचं वायरिंग खराब असेल. मग म्हणाला लिमिट स्विच बदला, बदलले. मग म्हणाला अर्डुइनो चांगला घ्या, घेतला. मग म्हणाला ईएमआय फिल्टर (विजेचा गोंधळ अडवणारा) लावा, आमच्याकडे आहे, वेगळे पैसे पडतील. प्रत्येक वेळी आवाज असा की घरी मशीन बनवणाऱ्याला काही कळतच नाही. स्पिंडलची बॉडी अर्थ आहे का, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही.

तो प्रश्न विचारला उद्यमनगरातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांनी. मी वेगळ्याच कामाला गेलो होतो, सहज विषय काढला, तर त्यांनी सगळं ऐकूनही घेतलं नाही, "बॉडीला अर्थ कुठं दिलाय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं केबलमध्ये चौथी वायर आहे, व्हीएफडीच्या अर्थला जोडलीय. "ती झाली वायर. पुढं आत कुठं गेलीय?" घरी येऊन मल्टीमीटर लावला. आत कुठेच गेली नव्हती. कनेक्टरला चार पिना, तीन वाइंडिंगच्या, चौथी आतून मोकळी.

होतं काय ते सांगतो. व्हीएफडी मोटरला साधी वीज देत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून देतो. ह्या झटक्यांचा थोडा करंट वाइंडिंगमधून बॉडीत उतरतोच, स्पिंडल नवा असला तरी उतरतो. बॉडी अर्थ असेल तर तो चौथ्या वायरीने व्हीएफडीकडे परत जातो. नसेल तर तो झेडची प्लेट (जिच्यावर स्पिंडल वर-खाली होतो ती), गॅन्ट्री, रेल असा मिळेल त्या रस्त्याने जातो आणि वाटेत लिमिट स्विचच्या वायरी पडतात. उनोच्या इनपुटला आतला पुल-अप रेझिस्टर (इनपुटला वरच्या पातळीवर धरणारा) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे एकदम नाजूक, त्याला एवढ्याशा झटक्यात वाटतं स्विच दाबला गेला. कधीकधी यूएसबीच सुटतं. आणि अलार्म हा त्यातला छोटा भाग. उद्या आत वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटलं तर अख्ख्या लोखंडी मशीनला करंट, आणि त्याच मशीनवर आपण हाताने क्लॅम्प आवळतो. माझा मुलगा शेजारी उभा राहून बघत असतो. म्हणून मला ह्याचा इतका राग आहे. पिन द्यायची आणि आत जोडायची नाही, ह्यापेक्षा सरळ तीनच पिना दिल्या असत्या तर माणूस निदान सावध राहिला असता.

काकांनी वरचं टोपण उघडून चौथ्या पिनला वायर सोल्डर केली, दुसऱ्या टोकाला थिंबल मारून बॉडीच्या स्क्रूखाली आवळली, आधी खालचा थर कानसने घासून. मजुरीचे पैसे घेईनात, बळंच दिले. विक्रेत्याला कळवलं तर म्हणे सर, सगळे असेच येतात, कोणी तक्रार करत नाही.

इथपर्यंतचं मी आधी लिहून ठेवलं होतं आणि खाली निष्कर्ष लिहिला होता की व्हीएफडी स्पिंडलच्या नादी लागू नका, ट्रिम राऊटर बरा. ते आता खोडतोय. वायर जोडल्यापासून एकदाही खोटा अलार्म आलेला नाही, परवा टेपर्ड बॉलनोज बिटने गणपतीचं रिलीफ कोरलं ते रात्रीपर्यंत चाललं आणि मध्ये कुठे हूं की चूं नाही. काकूंची पण तक्रार नाही. ईआर कोलेटमुळे (बिट पकडणारी बाही) बिट इतकं सरळ फिरतं की व्ही-बिटने देवनागरी अक्षरं कापताना वेलांटीचं टोक तुटत नाही, राऊटरवर ते हमखास तुटायचं. म्हणजे स्पिंडल घ्याच, पण आल्या आल्या बीप बघा, आणि सौदा करतानाच विक्रेत्याला लेखी विचारा की चौथी पिन बॉडीला जोडलेली आहे का.

ईएमआय फिल्टर मी घेतला नाही, लागलाच नाही. केबल मात्र शिल्डेड चार कोअरची घ्या, शिल्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थ करा, आणि लिमिटच्या वायरी त्याच ड्रॅग चेनमध्ये शेजारी घालू नका. स्विच नॉर्मली क्लोज (न दाबता सर्किट जोडलेलं) जोडा, वायर तुटली तर लगेच कळतं. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, किंमत किरकोळ. आणि घरातल्या तीन पिनी सॉकेटवर आंधळा विश्वास नको, जुन्या घरांत अर्थची पिन बऱ्याचदा कुठेच जोडलेली नसते, वायरमनला बोलवून मोजून घ्या. स्पिंडल जोडूनही सॉकेट मोकळं असेल तर काय उपयोग.

अजून एक, स्पिंडलचा चालू-बंद ग्रबलकडे द्या. नॉबवर ठेवू नका. अलार्म आला तर स्पिंडलही थांबतो, लाकूड जळत नाही.

धुळीचं माझं काम अजून अर्धवट आहे. स्पिंडलला ब्रशचा बूट लावलाय, व्हॅक्यूम क्लीनरच्या आधी ड्रमवर सायक्लोन बसवलाय, जाड भुसा ड्रममध्ये पडतो पण एमडीएफची बारीक धूळ हवेत राहतेच. लाकडाची धूळ कॅन्सरकारक यादीत आहे, हे हलक्यात घेऊ नका, चांगला मास्क लावूनच उभा राहतो.

सेटिंग विचारणार म्हणून देऊन ठेवतो: सागवान, ६ एमएम दोन धारेचं कार्बाइड बिट, १८ हजार आरपीएम, फीड (पुढे सरकायचा वेग) मिनिटाला १८०० एमएम, एका पासला २ एमएम खोल. सागवानात सिलिका असते, बिट लवकर बोथट होतं, स्वस्त एचएसएस बिटावर पैसे घालवू नका. कडेचं लाकूड तुटत असेल तर शेवटचा पास डाउनकट (भुसा खाली ढकलणाऱ्या) बिटने घ्या. एमडीएफला फीड २५०० पर्यंत नेतो, त्याच्या पुढे माझी झेड प्लेट थरथरते, ती आता जाड करून घ्यायचीय, उद्यमनगरात सांगून आलोय.