बांगडा-तारली की फिश ऑइलची कॅप्सूल?

माझं मत आधीच सांगतो, घरात मासे होत असतील तर कॅप्सूलवर पैसे घालवायची गरज नाही. दोन्हीत कामाची गोष्ट एकच, ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ फॅटी अ‍ॅसिडं. साध्या कॅप्सूलच्या डबीवर पुढे मोठ्ठं १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं पण मागे बारीक अक्षरात बघा, बऱ्याचदा ईपीए १८० नि डीएचए १२०, म्हणजे कामाचं जेमतेम ३०० आणि बाकी नुसतं तेल. तारली-बांगड्याच्या एका जेवणात याहून जास्त मिळतं, वर प्रोटीन नि बी१२ आहेच. (फक्त बुडवून तळू नका राव, तिखलं करा.)

आता हार्टचं. अमेरिकेत व्हायटल नावाची ट्रायल झाली, जवळपास २६ हजार लोक, रोज १ ग्रॅमची कॅप्सूल, पाचेक वर्षं, २०१८ ला रिझल्ट आला की हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे एकत्र धरले तर ठोस फरक नाही, मासे कमी खाणाऱ्यांत मात्र थोडा फायदा दिसला.

कॅप्सूलचं खरं काम ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) खूप वाढलं असेल तेव्हा, पण तो डोस ४ ग्रॅमचा आणि डॉक्टरने लिहून दिलेला, मनाने घ्यायचा नाही कारण जास्त डोसने हृदयाचे ठोके अनियमित व्हायचा धोका वाढतो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचाराच.

शाकाहारी असाल तर जवसाची चटणी चांगलीच, पण त्यातल्या एएलएचं (वनस्पतींतलं ओमेगा-३) शरीरात ईपीए-डीएचए फार कमी बनतं, त्यापेक्षा शेवाळापासूनच्या तेलाची कॅप्सूल बघा.