पाच टनी क्रेनला व्हीएफडी आणि लोडसेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सिंगल गर्डर (एकाच आडव्या तुळईच्या) क्रेनला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला, हूकखाली भार मोजणारा वायरलेस लोडसेल टांगला. व्हीएफडीचे पैसे वसूल झाले. लोडसेलचं तसं नाही.

खरा झटका बसतो तो ढिल्या दोराने पूर्ण वेगात भार उचलताना. त्याने भार किती वाढतो याचा हिशेब असा: पूर्ण भाराने हूक जितका खाली बसतो ते अंतर मीटरमध्ये घ्या, ९.८१ ने गुणा, वर्गमूळ काढा आणि उचलण्याच्या वेगाला त्याने भागा. गर्डरचा बाक आणि वायररोपची लांबण मिळून इथे हूक २५ मिमी बसतो. वेग मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.१. उत्तर येतं ०.२, म्हणजे २० टक्के वाढ; पाच टनांचा मोल्ड बॉक्स क्षणभर सहा टनांचा होतो. हलक्या भाराला टक्केवारी उलट वाढते: एक टनाला हूक ५ मिमीच बसतो, वाढ ४५ टक्के. क्रेनला त्याचं काही नाही, पण भार बांधायची बारीक स्लिंग निवडताना हे कुणी धरत नाही. आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकातले झटक्याचे २५ टक्के गँट्रीसाठी (क्रेन जिच्यावर धावते त्या तुळईसाठी) चाकाच्या भारावर धरायचे असतात, स्लिंगसाठी नव्हेत.

व्हीएफडीवर १० टक्के वेगाने उचललं की पाच टनांवरची वाढ दोन टक्क्यांवर येते. मात्र भार जमिनीवरून पुरता सुटेपर्यंत बटण पहिल्याच, हळू वेगाच्या टप्प्यावर हवं. दोर ताणला म्हणून लगेच दुसरा टप्पा दाबला, तर सगळं मुसळ केरात.

गर्डरवर सरकणाऱ्या ट्रॉलीचा रॅम्प (वेग धरायला लागणारा वेळ) सप्लायरने दोन सेकंदांवर ठेवला होता, भार डुलत राहायचा. सहा मीटर लोंबत्या भाराचा एक झोका (जाऊन-येऊन) ४.९ सेकंदांचा, म्हणून रॅम्प साधारण तितकाच, पाच केला आणि डुलणं जवळपास थांबलं. दोर आखूड असेल तेव्हा तेवढा फायदा मिळत नाही.

लोडसेलचा आकडा सेकंदाला पाचदा बदलतो. झटक्याचा कळस भार सुटल्यावर ०.०८ सेकंदात येऊन जातो, त्यामुळे ‘पीक होल्ड’वर (सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) तो सापडेलच असं नाही. वजनाला ठीक, झटका मोजायला सेकंदाला किमान शंभर नोंदींचा घ्या.

व्हीएफडीचे त्रास दोन. पहिला ब्रेकचा: मोटरने जोर धरण्याआधी तो सुटला की भार दोन बोटं घसरतो. ब्रेक उघडण्याची वेळ मोटरच्या करंटवर लावून घ्या. दुसरा वाळूच्या धुळीचा: पॅनेलचा फिल्टर दर आठवड्याला झाडला नाही, तर ड्राइव्ह तापून ट्रिप, म्हणजे आपोआप बंद.

वाळूत अडकलेलं कास्टिंग मात्र हूकने उपटू नका. सुटताक्षणी गर्डर वर उसळतो, तिथे कुठलीच सेटिंग कामाला येत नाही.