पेशीपटलाची प्रतिकृती: रचना उत्तम, पंप अपुरा

दादरच्या एका दुकानातून अकरावीच्या वर्गासाठी घेतलेली पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, ही प्रतिकृती पैसे वसूल करणारी आहे. मेदाच्या दुहेरी थरातून आरपार गेलेली आणि आतल्या बाजूला नुसती टेकलेली प्रथिने वेगळ्या रंगांत असून, सात वेळा पटल ओलांडणारा रिसेप्टर (बाहेरचे संदेश टिपणारे प्रथिन) इतका नेटका घडवला आहे की मुले त्याची सर्पिले, म्हणजे पिळदार भाग, बोटाने मोजतात. खऱ्या पटलाप्रमाणेच शर्करेच्या साखळ्या फक्त बाहेरच्याच बाजूला आहेत, हे विशेष. सोडियम-पोटॅशियम पंप मात्र साधी नळी वाटतो. वास्तविक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून 3 सोडियम आयन बाहेर टाकताना आणि 2 पोटॅशियम आयन आत घेताना हे प्रथिन आपला आकार बदलते. शिवाय सगळे भाग पक्के चिकटवल्यामुळे, सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये मांडलेल्या पेशीपटलाच्या प्रतिमानातले प्रथिनांचे सरकणे दाखवता येत नाही.