क्लासिक ३५० आणि पाच फूट एक इंच: आठ महिन्यांनंतर

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०: सीटची उंची ८०५ मिलिमीटर, गाडीचं वजन १९५ किलो, आणि मी पाच फूट एक इंच. शोरूममध्ये बसले तेव्हा जेमतेम चवडे टेकले. काका म्हणाले, "त्यापेक्षा मीटिऑर घे, ती बुटकी आहे." आहेच, त्याच कंपनीच्या त्या गाडीची सीट ७६५ वर आहे. पण पाय पुढे पसरून चालवायला मला आवडत नाही. घेतली क्लासिकच.

पहिला शहाणपणा महागात पडला. एका मेकॅनिकच्या सांगण्यावरून मागचे शॉकअप एक इंच आखूड बसवले. पाय टेकले, मी खूश. पण साइड स्टँड होता तेवढाच राहिला ना! मागून खाली बसलेली गाडी स्टँडवर कलेचना, जवळजवळ सरळ उभी राहायची. तिसऱ्या दिवशी पार्किंगमधल्या जरा उतरत्या फरशीवर ती उजव्या अंगाला आडवी झाली. मेन स्टँड लावायला तर दोन माणसं लागायची, आणि सोसायटीच्या गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज. पंधरा दिवसांत जुने शॉकअप परत चढवले. ते पैसे गेले ते गेलेच.

मग पुण्याच्या नाना पेठेतला एक सीटवाला गाठला. त्याने मला गाडीवर बसवलं, मांडीपाशी सीटच्या कडेवर खडूने रेघ ओढली आणि म्हणाला, "ताई, उंचीचं कमी आणि रुंदीचं जास्त आहे हे." मांड्या फाकल्या की पायाची लांबी तिथेच खर्च होते. त्याने पुढच्या बाजूने दोन्ही कडा तासल्या, वरून फक्त अर्धा इंच काढला. आता दोन्ही चवडे पक्के बसतात, आणि थोडं सरकलं तर डावी टाचही.

पहिल्या खेपेला फोम मात्र चुकला. साताऱ्याला निघाले, खंबाटकीच्या आधीच माकडहाड खालचा पत्रा मोजायला लागलं. मऊ स्पंज बसल्यावर दबतो आणि मग काहीच उरत नाही. परत जाऊन खाली कडक फोमचा थर घालून घेतला. आता दीड तास सलग बसते. दोन तासांनी चहा लागतो, पण तो तसाही लागतो.

फुकटातला उपाय मला फार उशिरा कळला. मागच्या शॉकअपला स्प्रिंग कडक-मऊ करायच्या सहा खाचा असतात. माझं वजन बावन्न किलो, त्यामुळे सगळ्यात मऊ खाचेवर ठेवलं की बसल्यावर गाडी थोडी दबते. भाऊ मागे बसणार असेल तर आठवणीने वर करायचं. जाड सोलचे बूटही घेतले, पण फार जाड नको, गिअरखाली पंजा अडकतो.

खरा फरक सवयीने पडला. सिग्नलला दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडला. कंबर डावीकडे सरकवायची, डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. यातही एक गोम आहे: आपले रस्ते पाणी जायला कडेला उतरते असतात, म्हणजे डावीकडे जमीन आणखी खाली. अगदी कडेला थांबलात तर पाय हवेत. एकतर थोडं आत थांबा, नाहीतर पाय सरळ फुटपाथवर ठेवा. गाडी मागे घ्यायची तर मी उतरते, डाव्या बाजूने हँडल आणि मागचा दांडा धरून ढकलते. लोक बघतात. बघू देत. उताराकडे तोंड करून लावायची मात्र नाही.

अजून जमत नाही ते एकच: मागे माणूस, वर सामान, आणि खडीवर थांबणं. तिथे मागच्याला आधी उतरवते.

पाच फूट दहाच्या भावाला ही सीट आता टोचते, गुडघे दुमडतात म्हणतो. महिन्याभरात त्याने किल्ली मागितलेली नाही.