अमेरिकन लाइफ : यंत्राआड गेलेला आवाज

अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाच्या ‘रे ऑफ लाइट’ (१९९८) आणि ‘म्युझिक’ (२०००) या अल्बमांवर ज्यांचे मनापासून प्रेम आहे, त्यांनी एप्रिल २००३ मध्ये आलेला तिचाच ‘अमेरिकन लाइफ’ फार अपेक्षा ठेवून ऐकू नये. मी त्या चाहत्यांपैकीच आहे, आणि रत्नागिरीच्या पावसाने घरात कोंडून घातले असताना हा अल्बम पुन्हा सलग ऐकल्यावरही माझे जुने मत फारसे मवाळ झालेले नाही.

माझा आक्षेप यंत्रावर नाही. गणपतीत आमच्याकडे वाजणाऱ्या बँजो पार्टीचे ऑक्टोपॅड आणि कीबोर्डाशिवाय पान हलत नाही. तेव्हा विजेवर चालणाऱ्या तालाला नाके मुरडण्याचा अधिकार निदान कोकणातल्या माणसाला नाही. आक्षेप आहे तो शिळेपणावर. ‘म्युझिक’मधल्या ‘डोन्ट टेल मी’ या गाण्यात मिरवाइस या फ्रेंच निर्मात्याने साध्या अकूस्टिक गिटारचे तुकडे केले आणि ती मधूनमधून अशी अचानक बंद पाडली की सीडी अडकली असे वाटावे. गाणारी बाई ‘मला थांबायला सांगू नका’ म्हणते आहे आणि संगीत मात्र थांबते आहे, ही त्यातली गंमत होती. ‘अमेरिकन लाइफ’मध्ये तोच मिरवाइस आहे, तीच गिटार आहे आणि कापाकापीही तशीच आहे, परंतु ती कशासाठी केली आहे याचे उत्तर बहुतेक गाण्यांत मिळत नाही.

शीर्षकगीतातला रॅप तर ऐकवत नाही. वकील, स्वयंपाकी, मुले सांभाळणाऱ्या बाया, ड्रायव्हर, जेट विमान अशी आपल्या वैभवाची टर उडवण्याचा तिचा हेतू असावा, पण आवाजात मिश्कीलपणाचा लवलेश नसल्यामुळे ते गाणे मालमत्तेच्या यादीसारखे वाटते. इराक युद्ध सुरू झाल्यावर या गाण्याचा युद्धविरोधी व्हिडिओ तिने मागे घेतला, आणि त्या निर्णयाची चर्चा संगीतापेक्षा जास्त झाली. ‘नोबडी नोज मी’मध्ये व्होकोडरने, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणाने, तिचा आवाज सपाट केला आहे. आपल्याला कोणी ओळखत नाही असे सांगणाऱ्या गाण्यात आवाज ओळखू न येणे ही कल्पना कागदावर चांगली असली, तरी ऐकताना तिचा कंटाळा लवकर येतो.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती ‘मदर अँड फादर’ ऐकताना. मॅडोनाची आई १९६३ मध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा ती अवघी पाच वर्षांची होती. या गाण्यात ती ते दुःख लहान मुलीच्या बारीक, काहीशा हट्टी स्वरात सांगू लागते आणि त्या क्षणी अंगावर काटा येतो. पण खालचा टणटणीत ताल तिला क्षणभरही उसंत देत नाही, आणि पुढे येणारा रॅप उरलीसुरली जवळीक घालवून टाकतो. इथे निर्मात्याने हात आवरायला हवा होता.

तो आवरला आहे तिथे अल्बम एकदम उजळतो. ‘नथिंग फेल्स’ गिटारच्या सोबतीने सावकाश चढत जाते आणि शेवटी लंडनच्या गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या) गायकवृंदाचे सूर मिसळतात तेव्हा ही गायिका आपल्याला का आवडत होती ते आठवते. ‘एक्स-स्टॅटिक प्रोसेस’मध्ये तर गिटार आणि एकावर एक रचलेला तिचाच आवाज एवढेच आहे, आणि तेवढे पुरते. ‘डाय अनदर डे’ हे बाँडपटाचे गाणे तंतुवाद्यांच्या चिरफाडीमुळे मजेदार आहे, परंतु या आत्मपर गाण्यांच्या पंगतीत ते उपरे वाटते.

म्हणून सबंध अल्बमच्या मागे न लागता ‘नथिंग फेल्स’ आणि ‘एक्स-स्टॅटिक प्रोसेस’ ही दोन गाणी तेवढी ऐकावीत आणि मग थेट २००५ च्या ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’कडे वळावे. स्टुअर्ट प्राइस या निर्मात्याबरोबर केलेल्या त्या अल्बमात यंत्र याहून अधिक आहे, तरी तिचा आवाज कुठेही दबत नाही.